साहेबांची तहान आणि तांड्याची विहीर

घाटंजी, मंगळवार, १४ मे १९६३

अर्जावर तीनदा ‘तातडीचे’ लिहिलं होतं, तरी तो वर्षभर पडून राहिला. आज हलला.

तांड्यावर पोरांचे दात पिवळे पडतात, चाळिशीतच माणसांचे गुडघे आखडतात. विहीर एकच. तिच्या पाण्याचं संशोधन व्हावं, त्याला सरकारी मदत मिळावी, एवढंच मी घाटंजीच्या शाळेतला विज्ञानाचा मास्तर मागत होतो. जिल्ह्याचे साहेब जीपने आले, विहिरीत डोकावले आणि म्हणाले, “पाणी तर स्वच्छ दिसते, गुरुजी. तातडी कशाची?”

तेवढ्यात तांड्याच्या नाईकाची बायको, जमनाबाई, तांब्या भरून घेऊन आली. साहेब उन्हाने लाल झालेले. त्यांनी तांब्या ओठाला लावला आणि ती हसली. तिचे दात पाहून साहेब थांबले.

“कायले थांबले, साहेब? तुमीच म्हणून राह्यले ना, पानी साफ आहे.”

साहेबांनी तांब्या परत दिला आणि जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून मंजुरीची सही केली.

मला हसू आवरेना. तर तिने तोच तांब्या माझ्यापुढे धरला. “गुरुजी, तुमी तं दर खेपेले घरून पान्याची बाटली आनता.”

म्हणजे पिशवीतली बाटली तिला दिसत होती तर. वर्षभर! आता प्यालो तर साहेब सही खोडणार. नाही प्यालो तर हिला तोंड कसं दाखवू?

“जीप जाऊ द्या,” मी हळूच म्हटलं.

जीप वळणाआड जाईपर्यंत तांब्या धरून उभा राहिलो. मग सगळा प्यालो. पाणी गोड निघालं, याचाच राग आला.