नानांनी गाडी सोडली

१ ऑगस्ट
नाना आज तिसऱ्या दिवशीही सायकलवर. सावद्यात कोपऱ्यावर चहा प्यायचा तरी चारचाकी काढणारा माणूस! पारावरच्या मंडळींना नियम मीच घातला: गावातल्या गावात नि मळ्यापर्यंत गाडी बंद. सगळे हो म्हणाले नि विसरले. एकटे नाना पाळतात. शाळा सुटली तरी शिकवायची खोड जात नाही, असं ही म्हणते.

५ ऑग.
नानांची साखर उतरली. डॉ. खूश. मी हवेत.
पण संध्याकाळी त्यांच्या मागून चालत होतो. केळीचा ट्रक हॉर्न देत उजवीकडून गेला, यांनी मान वळवली नाही. तो कान पार गेलाय. मला माहीत नव्हतं? होतं. तरी सायकलवर बसवलं.

८ ऑग.
सुषमा, नानांची सून, दारात. "सर, त्यांना परत गाडी घ्यायला सांगा. आमचं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील." बघतो म्हटलं.

९ ऑग.
विषय काढला. अर्धाच.
"मास्तर, तूच लावलं नं मले सायकलीवर? आता कायले घोर लावतो जिवाले?"
खरं सांगायचं तर नानांनी सायकल सोडली की माझा नियम संपला. म्हणून जोर केला नाही. लाज वाटते.

१३ ऑग.
झड लागली आहे. मळ्याच्या वळणावर, जिथे केळी भरतात, तिथे ट्रक-ट्रॅक्टरांनी नुसता रबडा केलाय. नानांची सायकल रुतते. पाऊस आहे तोवर गाडी न्या, एवढं म्हणता आलं असतं.

१६ ऑग. संध्या.
वळण दुरुस्त केलं! कापणी झालेल्या बागेतले केळीचे खांब पडलेच होते. चिरले, सोलले, चिखलावर आडवे अंथरले. ट्रॅक्टर रुतला की आपल्याकडे हेच करतात, चाक लगेच निघतं. कंबर मोडली, पण बरं वाटलं. कुणाला सांगितलं नाही. नानांना सकाळी कळेलच.

१७ ऑग.
लिहवत नाही.
नाना वळणावर पडले. मागचा ट्रक हातभर अंतरावर थांबला म्हणून... खुब्याचं हाड. जळगावला हलवलं.
जाऊन पाहिलं. ओल्या सोलपटांवर माझा पायही ठरेना. ट्रॅक्टरचं जड चाक वेगळं, सायकलचं वेगळं. जन्म केळीच्या गावात गेला नि एवढं सुचू नये.

१८ ऑग.
दवाखान्यात दिवसभर. उद्या ऑपरेशन. वय, त्यात साखर, डॉ. ठाम काही बोलत नाहीत.
खांब कुणी टाकले ते कळलं तर सोडणार नाही, असं सुषमा माझ्यासमोरच म्हणाली. संशय केळी भरणाऱ्या मजुरांवर. नानांच्या मुलानं काल त्यांच्या मुकादमाची गचांडी धरली म्हणे. मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर पडलो.
परत आलो तर नानांनी हात धरून ठेवला. "सायकल नीट करून ठेव, मास्तर. पारावरच्यायले सांग, म्या सोडली नाई."
हो म्हटलं.
सकाळी सातला आत नेणार. मी सहाला पोचतो. खांबांचं सांगायचं तर त्या तासाभरातच.