अर्ध्या मापाचा हीटर

दादा,

गॅसचा हीटर बदलायला दुकानात जातोय. भांडणानंतर तू वर्कशॉपच्या मधोमध खडूची रेघ ओढलीस, म्हणून मीही हट्टाने दुकानदाराला माझ्या अर्ध्या भागापुरतंच माप दिलं होतं. पण ऊब कुठली रेघ मानतेय! सकाळभर मी इकडे कुडकुडत होतो आणि पलीकडे छताला टांगलेले तुझे लाकडी पक्षी माझ्या हीटरच्या गरम हवेवर झोपेत असल्यासारखे संथ गिरक्या घेत होते. हातातलं काम सोडून बघतच बसलो.

मग अख्ख्या वर्कशॉपची लांबी, रुंदी, उंची घेतली. आता मोठाच आणतो. गॅसचा मामला आहे, खिडकी किलकिली राहू दे.

टेप ओढताना जमिनीवरची रेघ पुसली गेली. खडू मी खिशात घालून नेलाय.

— धाकटा