तिसरा फर्मा

४ फेब्रुवारी

ती. ताईस धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. आधी चांगलं सांगून घेतो. तू विणलेला स्वेटर मिळाला. उबदार आहे, पण बाह्या एवढ्या लांब की दोन्ही टोकं खळीच्या डब्यात बुडतात. वॉर्डातल्या कुठल्या पेशंटच्या मापाने विणलास ते कळव, त्या माणसाला एकदा बघायची इच्छा आहे.

आता वाईट. ताई, माझ्या हातून फार मोठी चूक झाली आहे आणि कालपासून माझी पाचावर धारण बसली आहे.

प्रेसकडून यंदा दोन प्रार्थनापुस्तकं एकदमच बांधायला आली होती. एक आपल्या टेकडीवरच्या प्रार्थनाघराचं आणि दुसरं पुलापलीकडच्या, त्यांच्या प्रार्थनाघराचं. धर्म दोन, पण प्रेस एकच, त्यामुळे कागद तोच, आकार तोच, टाइपही तोच. दोन्हींच्या छपाईचे खिळे जुळारीकाकांनी जुळवले. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. अठ्ठावीस वर्षं त्याच प्रेसमध्ये आहेत, पुलापलीकडचे आहेत आणि बोलायला फार कंजूस. प्रत्येक पुस्तकाचे सोळा सोळा पानांचे आठ फर्मे. मी घड्या घातल्या, फर्म्यांचे गठ्ठे टेबलावर ओळीने मांडले, एकेक उचलत गेलो, शिवले, कडा कापल्या, पुठ्ठे चढवले. इकडे तीनशे, तिकडे तीनशे. परवा दोन्हीकडे पोचवली.

काल जास्तीच्या प्रती खिडकीशी घेऊन भिंगातून बघत होतो. दोन्ही पुस्तकांत तिसरा फर्मा चुकीचा आहे. तेहतीस ते अठ्ठेचाळीस ही पानं त्यांची आपल्यात गेली आहेत आणि आपली त्यांच्यात. एक प्रत नाही, दोन प्रती नाहीत. सगळ्या. मांडतानाच ते दोन गठ्ठे उलटसुलट ठेवले मी. खोलीत उजेड कमी होता.

गेल्या वर्षी कॅलेंडरवर एक चित्र चुकीच्या बाजूला छापलं म्हणून त्या दुकानदाराला जमावाने मारलं हे तुला लिहिलं होतं. त्याचं दुकान अजून बंद आहे. मी कुणालाच काही बोललेलो नाही. दोन्हींची एकेक प्रत वेगळ्या पाकिटातून पाठवतोय. तू वाच आणि खरं सांग, वाचणाऱ्याच्या लक्षात येईल का? तुझं उत्तर येईपर्यंत घास गिळवणार नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा


९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकीट काल पोचलं. स्वेटरचं माप तुझंच आहे, तूच आक्रसला आहेस. जेवत जा.

मी आपलं पुस्तक चहाच्या सुट्टीत वाचायला घेतलं. तू पानाचा आकडा सांगितला होतास तरी वाचता वाचता मी तेहतिसावरून पुढे गेले आणि चाळिसाव्या पानावर थांबून मागे आले. बत्तिसाव्या पानाच्या शेवटी आपलं वाक्य अर्धं तुटतं: ज्याला तू दाराबाहेर हाका मारतो आहेस. आणि तेहतिसावर त्यांचं अर्धं वाक्य सुरू होतं: तो तुझ्या आधी घरात येऊन बसला आहे. बाबा रे, जोड दिसतच नाही! पुढची सोळाच्या सोळा पानं तेच सांगतात. की तो वर नाही, लांब नाही, तुझ्या आत आहे, आणि शेजारच्या माणसाच्याही आत आहे. आपली पानं याहून वेगळं काय सांगतात? मला इतकी वर्षं वाटायचं की हे फक्त आपल्यालाच माहीत आहे. शेजारच्या टेबलावर डॉक्टरीणबाई होत्या, त्यांचा धर्म तिसराच. त्यांनी चार ओळी वाचल्या आणि हे आमच्या पुस्तकातलं कुणी उतरवून घेतलं असं विचारलं.

तेव्हा घाबरू नकोस. चोराच्या मनात चांदणं असतं, तसं तुझं झालंय. जास्तीच्या प्रती जाळून टाक आणि तोंड मिटून बस.

पण एक गोष्ट मला डाचते आहे. तीस वर्षं बाइंडिंग करणाऱ्या माणसाला भिंग कशाला लागलं? आणि पत्रातल्या तुझ्या ओळी उतरणीला लागल्यासारख्या उजवीकडे घसरताहेत. मी नर्स आहे, मला उजेडाच्या गोष्टी सांगू नकोस. डोळ्यांचं काय ते खरं खरं लिही.

तब्येतीला जप, म्हणजे माझीही राहील.

तुझी ताई


१५ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

प्रती जाळल्या. उपयोग झाला नाही.

प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात पुस्तकाचं नाव आणि फर्म्याचा आकडा असतो. तो वाचणाऱ्यासाठी नसतो, बाइंडरसाठी असतो. आपल्या लोखंडसामानवाल्याने तो वाचला. तो माणूस तुला आठवत असेल, प्रार्थनेत सगळ्यात मोठ्याने म्हणतो आणि सगळ्यात आधी निघतो. काल आठवड्याच्या प्रार्थनेनंतर तो पायरीवर उभा राहिला, पुस्तक वर धरलं आणि ओरडून म्हणाला की आपल्या पुस्तकात त्यांचं विष कालवलंय. पुस्तक कुणी जुळवलं हे कुणीतरी विचारलं. जुळारीकाकांचं नाव निघालं. पुलापलीकडचा माणूस म्हटल्यावर पुढचं कुणाला विचारावंच लागलं नाही. त्याने हे मुद्दाम केलं, असं पाच मिनिटांत ठरलं.

मी तिथेच होतो, ताई. खांबाशी. माझ्या शेजारच्याने मला विचारलं की तू तर बांधलंस, तुला दिसलं नाही का? मी म्हणालो की बाइंडर वाचत नसतो. तो मान हलवून निघून गेला. मी आपल्यातलाच ना, माझ्यावर संशय कोण घेणार!

डोळ्यांचं विचारलंस. दोन्हींत मोतीबिंदू आहे, उजव्यात जास्त. दीड वर्ष झालं. प्रेसवाल्या बाईंना कळलं तर काम दुसऱ्याला जाईल म्हणून लपवलं. फर्म्याची ती बारीक ओळ मला दिसतच नाही. गठ्ठे मी जागेवरून ओळखतो, आणि त्या दिवशी जागाच चुकली.

आणि आणखी एक भीती. जुळारीकाकांनी ते पुस्तक नुसतं हातात घेतलं तरी त्यांना क्षणात कळेल. पान बरोबर छापलंय आणि चुकीच्या जागी शिवलंय, म्हणजे चूक बाइंडरची. त्यांनी अजून पाहिलेलं दिसत नाही. दारावर थाप पडली की मला वाटतं, त्यांनी सांगितलं. मी काय करू ते लवकर लिही.

तुझा धाकटा


१८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझं पत्र ड्यूटीच्या मधेच उघडलं आणि तिथेच उभ्याने हे लिहिते आहे.

नीट वाच. तू काहीही बोलायचं नाहीस. आ बैल मला मार असं करू नकोस. कॅलेंडरवाल्यासारखीच माणसं आमच्याकडेही येतात, त्यांना टाके मी घालते. जमावाने मारलेला माणूस कसा दिसतो ते तुला माहीत नाही आणि कळूही नये. त्या काकांचं वाईट वाटतं, पण त्यांना त्यांची माणसं आहेत. मला कोण आहे? तुझे मेहुणे गेल्यापासून मी रोज पोस्टमनची वाट बघते ती फक्त तुझ्यासाठी.

चार आठ दिवसांत सगळं थंड होईल. नाही झालं तर खोलीला कुलूप लाव आणि इकडे निघून ये. डोळ्यांचं ऑपरेशन इथे करू.

माझी शपथ आहे तुला. एवढं ऐक.

तुझी ताई


४ मार्च

ती. ताईस धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझी शपथ आठ दिवस पाळली. नवव्या दिवशी मोडली. आधी हे सांगतो की मी धडधाकट आहे.

त्या आठ दिवसांत काही थंड झालं नाही. जुळारीकाकांना प्रेसवाल्या बाईंनी घरी बसवलं. मग त्यांच्या खिडकीच्या काचा फुटल्या. त्यांची सून दोन्ही मुलांना घेऊन माहेरी गेली. शनिवारी लोखंडसामानवाला माझ्याकडे आला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला की उद्या प्रार्थना झाली की आम्ही दहाजण त्याच्याकडे जाणार आहोत, तूही चल, तुझ्या कामाला त्याने डाग लावला आहे. ताई, मला हो म्हणायला लावलं त्या हाताने. मी खरंच हो म्हणालो.

रविवारी प्रार्थना संपली आणि मी उभा राहिलो. पुढच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरली. मी सांगितलं की चूक माझी आहे, डोळ्यांत मोतीबिंदू आहे, मी तो लपवला आणि दोन गठ्ठे उलटे मांडले. कुणालाच खरं वाटेना. लोखंडसामानवाला म्हणाला की याला त्या लोकांनी धमकावलं आहे. एवढंसं कारण आणि त्यातून नेमकी अशी पानं यावीत? ऐका तरी काय लिहिलंय, म्हणून तो पुस्तक उघडून मोठ्याने वाचू लागला. तुझ्या आत जो जागा आहे तोच तुझ्या वैऱ्याच्याही आत जागा आहे, त्याला दुखवशील तर कुणाच्या पाया पडशील, असं काहीसं होतं. वाचून म्हणाला, बघा यांची शिकवण!

पहिल्या बाकावर शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिकाबाई बसतात. त्यांनी पान कितवं ते विचारलं. तो म्हणाला, एक्कावन्न. बाई सावकाश म्हणाल्या की ते आपलं आहे, त्यांचे यजमान गेले तेव्हा आपण सगळ्यांनी मिळून तेच म्हटलं होतं, आणि तोही तिथे होता.

त्याला वाटलं होतं, तेहतिसापासून शेवटपर्यंत सगळं त्यांचंच. फर्मा सोळा पानांचा असतो आणि अठ्ठेचाळिसावर संपतो, हे बाइंडरशिवाय कोणाला ठाऊक असणार? लोक पुस्तकं मिटून एकेक उठू लागले. मी सुटलो असं मला मुळीच वाटलं नाही. तो माझ्याकडे असा बघत होता की मी मागच्या दाराने निघालो. माणूस चुकतो तेव्हा चिडतो, पण चारचौघांत चुकतो तेव्हा काय करेल सांगता येत नाही. पण त्या दिवशी पुलावरून कुणी गेलं नाही. मी एकटा गेलो.

जुळारीकाका फुटलेल्या खिडकीला पुठ्ठा लावत होते. मी दारातच सगळं सांगून टाकलं आणि पाया पडायला वाकलो. त्यांनी मला धरलं आणि खुर्चीवर बसवलं. म्हणाले की मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

पहिल्याच दिवशी, ताई! त्यांच्या प्रार्थनाघरात प्रती पोचल्या त्याच सकाळी. त्यांच्याकडे कुणाला शंका आली तेव्हा ती पानं तशीच हवी होती असं सांगून त्यांनी विषय मिटवला. आपली माणसं त्यांच्या दारात शिव्या देत होती तेव्हाही एक वाक्य पुरलं असतं. पान बघा, चूक शिलाईची आहे. ते वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. मी कारण विचारलं. म्हणाले की तू कागद नाकाला लावून बघतोस ते मी वर्षभर पाहतोय, तुझं काम गेलं असतं, आणि जमावाला तुझं घर मी कसं दाखवू? मग म्हणाले की भीती मलाही फार वाटली.

मी रडलो. लाज वाटली म्हणून, आणि इतकी वर्षं जे घोकलं ते पहिल्यांदाच समोर बसलेलं दिसलं म्हणून. धूसर दिसलं, पण दिसलं.

प्रेसवाल्या बाईंना सगळं सांगितलं आहे. ऑपरेशन होईपर्यंत काम बंद. पुढचं त्या बघतील म्हणाल्या. काका सोमवारपासून परत कामावर आहेत. सून मात्र अजून आलेली नाही. दार वाजलं की अजूनही आधी कोण ते विचारतो, मगच कडी काढतो. तुझी शपथ मोडली, रागाव, पण पत्र लिही.

तुझ्या रागाचाही भुकेला,

धाकटा


८ मार्च

श्री. जुळारीकाका यांस सप्रेम नमस्कार वि. वि.

तुम्ही मला ओळखत नाही. मी बाइंडरची थोरली बहीण. भावाचं पत्र काल आलं. त्याला लिहायच्या आधी तुम्हाला लिहिते आहे, नाहीतर नंतर धीर होणार नाही.

तो तुम्हाला म्हणाला असेल की भीतीने गप्प बसला. ते अर्धंच खरं आहे. तो पंधरा तारखेलाच मला विचारत होता, काय करू. मी धीर दिला असता तर तो दुसऱ्याच दिवशी उभा राहिला असता, एवढा मी त्याला ओळखते. मी त्याला गप्प बस म्हणून लिहिलं. माझी शपथ घातली. आणि तुमच्याबद्दल लिहिलं की त्यांना त्यांची माणसं आहेत. तुमच्या काचा फुटल्या त्या माझ्या शपथेच्या आठ दिवसांत. तुमची नातवंडं घर सोडून गेली तीही त्याच दिवसांत. हे त्याने तुम्हाला सांगितलं नसणार, कारण तो मला कधी उघडं पाडत नाही.

तुमच्या पुस्तकाची ती सोळा पानं मी चहाच्या टेबलावर वाचली होती. शेजारच्या माणसाच्याही आत तोच आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं, आणि मी ते मोठ्या कौतुकाने भावाला लिहूनही कळवलं होतं. नवव्या दिवशी त्याच हाताने मी तुम्हाला जमावाकडे सोडून दिलं. पाठ केलेलं सगळं माझ्या तोंडात होतं, काका. आत गेलंच नव्हतं.

मी आठवड्याने भावाला न्यायला येते आहे. त्याआधी तुमच्या सुनेचा पत्ता कळवाल का? त्यांना घरी चला असं सांगायला मी जाईन. त्यांनी दार उघडलं नाही तर बाहेर उभी राहीन.

उत्तर दिलं नाहीत तरी मी समजेन. दिलंत तर उपकार होतील.

आपली,
त्याची ताई