शिंप्याची पाटी

दि. १४ जून

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक म्हणायचं. मी घरबसल्या शर्टांना बटणं लावते. आईचा गुडघा धरलाय, जीभ मात्र सुटीच आहे. तुझ्या शाळेवर दुसरा मजला चढला असं कानावर आलं. बरं झालं.

माझी चिमणी कपडे धुण्याच्या त्या मोठ्या कारखान्यात लागली होती ना, ती सध्या घरीच असते. उजव्या हाताला पट्टी आहे.

शेजारच्या शिंप्याची पाटी तिने रंगवली होती, आठवतं? जुनी समोर ठेवून हुबेहूब काढली. जुन्या पाटीवर चिकटवलेल्या कागदावरचं ‘दुकान भाड्याने देणे आहे’ हेसुद्धा. शिंपी म्हणाला, "बाई, मला हाकलायला निघालीस की काय?" आपण पोट धरून हसलो. तू म्हणालीस, "माझ्या वर्गात हिच्यासारखं अक्षर कुणाचं नाही."

ताई, पट्टीखाली तीन बोटं नाहीत.

इस्त्रीच्या गरम रोलरचं झाकण मेकॅनिकने दुरुस्तीसाठी काढलं होतं आणि तिथे पाटी अडकवली होती. तिने रोजच्यासारखी चादर आत सरकवली.

साहेब म्हणाले, "आठवी पासचा दाखला बघून घेतलं हिला. एवढी पाटी दिसली नाही?"

"दिसली होती की," चिमणी म्हणाली.

दवाखान्यातून परतताना मी विचारलं, "काय लिहिलं होतं गं त्यावर?"

ती म्हणाली, "लाल होतं. पहिल्या अक्षराची गाठ छान काढली होती."

फळ्यावरचं ती सगळं उतरवायची आणि तू बरोबरची खूण करायचीस. सत्तर पोरांच्या वर्गात तू तरी कुणाकुणाला उभं करणार? मीही बटणं लावता लावता तिची वळणदार अक्षरं बघून सुखावायचे. इतक्या वर्षांत तिला "वाच" असं कुणीच म्हटलं नाही.

काल विचारत होती, "मावशी रागावली असेल का गं माझ्यावर?" मी तिच्यापुढे ताट सरकवलं. ती डाव्या हाताने जेवायला शिकतेय.

रविवारी ये. खाऊ नको, खडू आण. आणि वर्गात बोलतेस तसं मोठ्याने बोलू नकोस, ती दचकते.

पाटीवर फक्त ‘थांबा’ लिहिलेलं होतं. तिथून सुरुवात कर.

तुझी वाट बघणारी,
धाकटी