दीपगृहाचं पारायण

ती. बाळूदादास,

ढुंढिराजाचा काशीहून साष्टांग नमस्कार. मामीचा गुडघा आता कसा आहे? मंगला गौरीचं कुंकू सोबत पाठवतो. ते कपाळाला लावायचं आहे (मागच्या खेपेस मामीनं गुडघ्याला लावलं, असं वहिनी म्हणाली). आम्ही सुखरूप. ऊन इतकं, की सकाळी नऊनंतर घाटावर अनवाणी उतरवत नाही.

आता मुख्य हकीकत. आमची कस्तुरी अकरावीत आहे. तिच्या शाळेनं सुट्टीत एक हिंदी कादंबरी वाचायला दिली. शाळा उघडेल त्या दिवशी छापील कागदावर अहवाल द्यायचा, नाही तर दहा गुण गेले. (आपल्या शाळेत पुस्तकांचं कपाट होतं. आत पुस्तकं आहेत असं आपण ऐकून होतो.) जून संपत आला तरी पुस्तक टेबलावर पडलेलं आणि त्यावर तिचा कंगवा. मला गुणांची काळजी लागली. म्हटलं, मी वाचतो, तू ऐक.

आता दादा, ग्रंथ वाचायची मला एकच रीत ठाऊक. स्नान करून पाटावर बसायचं, समोर चौरंग, सात दिवसांत समाप्ती, अध्याय मधे सोडायचा नाही. कस्तुरी म्हणाली, "बाबा, ये नॉवेल है. नहा के पढ़ने की चीज़ नहीं है." तरी मंगळवारी बसली.

गोष्ट समुद्रातल्या दीपगृहाच्या रखवालदाराची. त्याला न्यायला येणारी नाव येतच नाही. माझा आवाज ऐकून खालच्या अन्नपूर्णाकाकू फुलं घेऊन वर आल्या. कुठलं पुराण, विचारलं. मी म्हटलं, समुद्राचं (खोटं नव्हे). चौथ्या दिवशी त्यांनी निकाल दिला, "पूर्वजन्मी यानं कुणाची तरी नाव बुडवली असणार." मला मात्र ती नाव येते का, याचाच ध्यास लागला. अमृतराव घाटावर संध्येला बसलो तरी प्रत्येक नावेकडे मान वळायची. देवा क्षमा कर.

अहवालाच्या शेवटी प्रश्न होता, 'इस पुस्तक से आपको क्या मिला?' तो वाचून मी निश्चिंत झालो. प्रत्येक पोथीच्या अखेरीस फलश्रुती असते, निपुत्रिकास पुत्र, रोग्यास आरोग्य. तेवढी उतरवून घ्यायची. म्हणून समाप्तीआधी कागद भरू नकोस, असं कस्तुरीला बजावलं.

सोमवारी साडेसातला शाळा, सहाला समाप्ती. नाव आली. रखवालदार चढलाच नाही, त्यानं दिवा लावला आणि पुस्तक संपलं. फळ नाही. पान उलटलं तर प्रकाशकाचा पत्ता. एखादं पान फाटलं असेल म्हणून शिवण तपासली. अन्नपूर्णाकाकू शिऱ्याची वाटी धरून म्हणाल्या, "फळच नाही? मग सात दिवस आम्हाला बसवलंस कशाला?"

घाबरून कस्तुरीचा कागद मागितला. तो सगळा भरलेला, खाली तारीख बावीस मे. पुस्तक तिनं सुट्टीच्या पहिल्या दोन दिवसांतच संपवलं होतं. फक्त शेवटची जागा कोरी. ती तिनं माझ्यासमोर भरली, पण दाखवली नाही.

मी म्हटलं, मग सात दिवस ऐकत का बसलीस?

"तुम्ही रोज विचारत होता, नाव येईल ना गं? मी सांगितलं असतं तर तुम्ही पाटावरून उठला असता." एरवी पोर मला हिंदीत उत्तर देते. हे सगळं मराठीत बोलली आणि चपला घालून गेली.

मामामामींना दंडवत.

तुझा,
ढुंढिराज

ता. क. पत्र टाकायचं राहिलं तेवढ्यात अहवाल परत आला. दहापैकी नऊ. शेवटच्या उत्तरावर बाईंनी 'विषय से हटकर' म्हणून एक गुण कापला. कस्तुरीनं तिथं लिहिलं होतं, 'पिताजी सात दिन मुझसे पूछते रहे कि आगे क्या होगा.'

ता. क. दुसरा. तू आता आपल्या शाळेचा हेडमास्तर, म्हणजे पुस्तकांच्या त्या कपाटाची किल्ली तुझ्याकडे. एखादं जाडसं पुस्तक पाठव. कस्तुरीसाठी नको, ती गुपचूप आधीच वाचून ठेवेल. माझ्या नावानं पाठव. फलश्रुती नसली तरी चालेल.