बुवांच्या गाण्याचं ऑनलाइन तिकीट

९ जानेवारी २००१, मंगळवार
पेपरात बातमी. २१ तारखेला सकाळी संगीत महोत्सवात शरच्चंद्रबुवा गाणार. वय ब्याऐंशी. इंदूरला बहुधा शेवटचंच. बायको, स्मिता, लग्नाआधी सात वर्षं त्यांच्याकडे गाणं शिकली. तिनं बातमी दोनदा वाचली आणि भाजी चिरायला बसली. मीच म्हणालो, दोघं जाणार, तिकिटांचं काम माझ्याकडे.
यंदा प्रथमच इंटरनेटवरही मिळणार!

११ जानेवारी
दिनानाथ आला. मिलमध्ये तो मागावर होता, मी टाइम ऑफिसात. म्हणाला, "वासुदेव भिया, सोमवारी बुकिंग सुरू होतंय, सकाळीच खिडकीवर लाइनमध्ये लागू, साथ में चलते हैं." मी हसलो. मिल बंद पडली, जमाना बदलला, हा अजून लाइनीतच. मी तीन महिन्यांचा कंप्यूटर कोर्स केलाय. तो म्हणाला, कोर्सनं नोकरी तर लागली नाही. विषय काय, हा बोलतो काय!

१४ जानेवारी
मल्हारगंजात शर्वरीबाईंच्या सायबर कॅफेत ईमेलचं खातं उघडलं. पूर्ण तयारी. स्मितानं विचारलं, मी पण खिडकीवर जाऊ का? साफ नको म्हटलं. विश्वास पाहिजे माणसावर.

१५ जानेवारी, सकाळी ९.४०
कॅफेत हजर. पहिला मीच.

१०.१०
बुकिंग सुरू. आधी बुवांचा फोटो उतरतोय, वरून खाली. सध्या टोपी दिसते.

१०.२५
भुवया. प्रगती आहे.

१०.५०
फॉर्म भरला. आडनावाशी आलो आणि कनेक्शन कटलं. वरच्या मजल्यावर शर्वरीबाईंच्या सासूबाईंनी देपालपूरला बहिणीला फोन लावला होता. फोनची आणि इंटरनेटची लाइन एकच. सासूबाईंना कोण बोलणार?

११.४०
पुन्हा सगळा फॉर्म. बटन दाबलं. 'इंटरनेटवरची सर्व तिकिटं संपली.' सर्व्हरचा दोष. माझ्याकडून चूक शून्य.

दुपारी १.३०
घरी आलो तर कुलूप. स्मिता उशिरा आली, हातात तिकीट. मी निघाल्यावर दिनानाथबरोबर खिडकीवर गेली होती. साडेतीन तास उभी. मी म्हणालो, एकच? ती म्हणाली, "माणशी एकच देत होते. तुम्ही असता तर..." आणि पाणी प्यायला आत गेली.

१८ जानेवारी
चार वेळा साइट पाहिली. कुणी कॅन्सल करेलच. संयम पाहिजे.

२० जानेवारी
कुणी करत नाही. असो. इतक्या गर्दीत गाणं नीट ऐकूही येत नाही.

२१ जानेवारी, रविवार
स्मिता हिरवी माहेश्वरी नेसून दिनानाथबरोबर टेंपोनं गेली. मी सकाळभर घरात फेऱ्या मारल्या.
दोनला परतली. डोळे लाल. बुवांनी तिला गर्दीत ओळखलं, नावानं हाक मारून स्टेजवर बोलावलं आणि मागे तानपुऱ्यावर बसवलं. पाऊण तास.
मी फोन लाइनचा सगळा प्रकार परत समजावून सांगायला लागलो. तिनं ऐकून घेतलं.
मग मी विचारलं, तू बसलीस तेव्हा कशी दिसत होतीस?
म्हणाली, "मला काय माहीत? दिनानाथभाऊंना विचारा."