धुराईला वेगळा सिनेमा नको

४ जानेवारी, रविवार

१. आमचा ‘पोपटी राजपुत्र’ हा अहिराणी बालचित्रपट मागच्या महिन्यात यूट्यूबवर टाकला.
२. लोकांनी पाहिला. राजपुत्र कोणाच्या लक्षात राहिला नाही. धुराई चेटकीण राहिली.
३. धुराईचं काम माझ्या अम्मीने केलं आहे.
४. आज हेमकांत घरी आला. आता नुसत्या धुराईवर सिनेमा काढायचा, असं जाहीर करून चहा पिऊन गेला.
५. एडिटिंग याही वेळी मी करणार, हे त्याने मला न विचारता धरून चाललं.
६. मी नकार दिला. तो कोणी ऐकला नाही.

ऑफिसात मी मोबाइल टॉवरचे फॉल्ट रिपोर्ट लिहिते. आधी घटना, मग कारण, मग उपाय. भावनांसाठी रकाना नसतो. इथेही ठेवणार नाही.

हेमकांतचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे आणि फावल्या वेळात तो डायरेक्टर असतो. तो म्हणाला, “चाची, आते तुम्हीच हिरो शेतस. राजपुत्रले कोण इचारस?” मग माझ्याकडे वळून, “इंजिनेर, तू फक्त कात्री चालाड.”

अम्मी पदर तोंडावर धरून हसली. चांदबी गफूर या बाईला मी इतकं हसताना आधी पाहिलं नव्हतं. याचा विषयाशी संबंध नाही.

६ जानेवारी

माझा विरोध तत्त्वाचा आहे. नीट लिहून ठेवते.

मुलांच्या जादूच्या गोष्टीत चेटकीण वाईट असते. ती का वाईट आहे, हे गोष्ट सांगत नाही, कारण तेवढा वेळ नसतो. हल्ली मोठ्या कंपन्या जुन्या चेटकिणी आणि राक्षस शोधून त्यांना स्वतंत्र सिनेमे देतात. दोन तासांनी कळतं की लहानपणी कोणीतरी त्यांचं मन दुखावलं होतं. मन सगळ्यांचंच दुखावतं. म्हणून सगळे राजपुत्राला दगड करत नाहीत.

हे मी जेवताना सांगितलं. अम्मी म्हणाली, “तुझ्या सिनेमात मी आले, किंचाळले आणि माझी झोपडी जळाली. मधे काय झालं?” मी म्हटलं, कथानकाची तेवढीच गरज होती. ती म्हणाली, “कथानकाला विचारलंस?”

अब्बा टेलर आहेत. त्यांनी धुराईचा नवा झगा बेतायला घेतलाही. आतून खिसा लावणार आहेत. म्हणे चेटकिणीलाही मोबाइल ठेवायला जागा पाहिजे. या घरात कोणाशी मुद्द्याचं बोलता येत नाही.

माझ्या बाजूने एकटा अजित आहे. तो राजपुत्र होता. त्याची कारणं वेगळी आहेत, पण संख्या वाढते.

७ जानेवारी

अम्मीबरोबर भाजीला गेले. धुराई आली म्हणून बसस्टँडपासून पोरं मागे लागली, “धुराई उनी! धुराई उनी!” अम्मीने वळून बोटं वाकडी केली. पोरं किंचाळत पळाली आणि परत आली. भाजीवालीने मला विचारलं, “तू धुराईनी पोर ना व?”

आमच्या ऑफिसचा वॉचमनही हेच म्हणतो. मला फरक पडत नाही. यापुढे भाजीला अब्बांनी जावं, एवढंच सुचवलं.

११ जानेवारी, रविवार

वाद डेटाने मिटतो. माझी चुलत बहीण मदिहा शेजारीच राहते आणि मुलांच्या शिकवण्या घेते. तिच्या वर्गात हात वर करून मत घेतलं. प्रश्न: पुढचा सिनेमा कोणावर हवा, राजपुत्र की धुराई?

राजपुत्राला एक मत पडलं. ते हेमकांतच्या भाच्याचं, आणि त्याला प्रश्न कळला नव्हता.

दोष सापडला. मतदानाआधी अम्मीने चिक्की वाटली होती. असा सँपल ग्राह्य नसतो. अम्मीला घरी पाठवून पुन्हा मत घेतलं. आता भाच्यालाही प्रश्न कळला. राजपुत्राला शून्य.

मुलांची मतं अजून पक्की झालेली नसतात, हे मी आधी लक्षात घ्यायला हवं होतं. मदिहा म्हणाली, “अलमासबाजी, हरलीस तर हरलीस म्हण ना.” तिला संशोधनाची पद्धत माहीत नाही.

१७ जानेवारी

सिनेमा दाखवायला वर सातपुड्यात मोलगीला गेलो होतो. बाजार उठल्यावर हेमकांतने पडदा लावला. मी साउंड सांभाळत होते. अम्मी पहिल्या रांगेत बायकांबरोबर बसली.

शेवटी राजपुत्र धुराईची झोपडी पेटवतो. त्या जागी आमच्या अक्कलकुव्यात शिट्ट्या पडल्या होत्या. इथे काहीच आवाज नाही. मला वाटलं, उजवा स्पीकर गेला. केबल बदलली. तरी शांतता. अँप्लिफायर तपासला. सगळं चालू होतं. काही बायका पोरांना उचलून निघून गेल्या.

एक म्हातारी थांबली. तिने अम्मीला काहीतरी विचारलं. जीपच्या ड्रायव्हरने मराठीत सांगितलं, “ती विचारते, झोपडी जळाली तर तिच्या कोंबड्यांचं काय झालं?”

सिनेमात धुराईच्या अंगणात चार कोंबड्या दिसतात. त्या शेजारून मागून आणल्या होत्या. अम्मी म्हातारीचा हात धरून उभी राहिली.

परतीच्या घाटात म्हणाली, “इथे एखादीला खरंच डाकीण ठरवतात, घरातून हाकलतात. ती काय शिट्ट्या मारील?” मग बऱ्याच वळणांनंतर म्हणाली, “कोंबड्यांचं मी केलं होतं. राखेत बसून एकेकीला बोलावलं होतं. तू काढून टाकलंस.”

मी म्हटलं, तो शॉट फोकसमध्ये नव्हता.

रिपोर्ट: मोलगीत आवाज पोहोचला नाही. कारण तपासात आहे.

२५ जानेवारी, रविवार

निर्णय घेतला. हेमकांत, मदिहा, अम्मी, अब्बा यांना एकत्र बसवून सांगितलं की हा सिनेमा निघणार असेल तर मी त्यात नाही. लॅपटॉप माझा आहे, सॉफ्टवेअर मला येतं. माझ्याशिवाय काम अडेल आणि अडल्यावर विचार होईल. अशी ती योजना.

हेमकांत म्हणाला, “बरं.”

अम्मी म्हणाली, “ठीक है बेटा. तेरेको ऑफिस का भी काम रहता. जबरदस्ती नाही.” मग माझ्यासाठी वेगळे पोहे केले, मिरची काढून.

शूटिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मी स्वतः बाहेर पडले. थोडा वेळ फोन जवळ ठेवला. कोणी परत घेतलं नाही. त्यांना सवय व्हायला वेळ लागेल.

२८ जानेवारी

एडिटिंग मदिहा करणार आहे. मोबाइलवर. ती लग्नाच्या रील बनवते, त्यात फुलं पडतात. धुराईवरही फुलं पडतील. मी बोलणार नाही.

संध्याकाळी अजित आला. मला वाटलं, आता आम्ही दोघं मिळून काही ठरवू. तो उड्या मारत होता. “अलमासताई, माले व्हिलननं काम भेटनं! झोपडी पेटाडनारा, पण यावेळेस वाईट!” मी विचारलं, तुझ्या राजपुत्राचं काय? म्हणाला, “तोच ना तो!”

माझ्या बाजूची संख्या आता एक आहे.

३१ जानेवारी, शनिवार

मोलगीच्या तक्रारीचा निकाल लावायचा म्हणून जुनी फुटेज उघडली. मी कापून टाकलेला शॉट सापडला.

अम्मी राखेत बसली आहे. संवाद नाही. हळू आवाजात कोंबड्यांना बोलावते. तीन येतात. चौथीसाठी ती बराच वेळ हात पुढे धरून बसते. मग कॅमेऱ्याकडे बघते. म्हणजे माझ्याकडे. कॅमेरा मीच धरला होता.

फोकस बरोबर आहे. प्रकाश कमी आहे.

प्रकाशही बरोबर आहे. पुन्हा पाहिला. कापायचं कारण त्या वेळी मी कुठे लिहिलेलं नाही, आणि आता आठवत नाही. शॉटच्या आधी आमच्या ऑफिसचा वॉचमन कुंपणापाशी उभा राहून शूटिंग बघत होता, एवढं आठवतं.

३ फेब्रुवारी

आमच्याकडे आवाज आधी रेकॉर्ड होतो, शूटिंग नंतर. हायवेचे ट्रक थांबत नाहीत, म्हणून माणसाला गोधडीखाली बसवून संवाद म्हणवून घ्यायचा आणि मग अंगणात तो स्पीकरवर लावून ओठ हलवायचे. ही पद्धत मीच बसवली. रमजान लागायच्या आत सगळं आटपायचं म्हणून आज स्वयंपाकघरात सुरू झालं. मी माझ्या खोलीत होते. दार लावलं होतं.

दोन ट्रकच्या मधे अम्मीचा आवाज आला, गोधडीतून, दबका. “मी तुमनं काय बिघाडं व्हतं? मन्हं घर काबर पेटाडं?” किंचाळली नाही. गेल्या वेळी मी तिला किंचाळायला सांगितलं होतं.

मग मदिहा म्हणाली, “चाची, हॉर्न आला, परत.” अम्मीने परत म्हटलं. परत हॉर्न. पाचव्यांदा म्हणताना अम्मीला खोकला आला, आणि अब्बा म्हणाले, “बाईला पाणी तरी द्या, चेटकीण असली म्हणून काय झालं.” सगळे हसले.

मदिहाला रेकॉर्डिंगचा फोन कुठे धरायचा ते माहीत नाही. तोंडासमोर धरला की श्वास लागून आवाज फुटतो. हनुवटीखाली धरायचा असतो. हे सांगायला मी उठले, दारापर्यंत गेले. आतून अम्मी म्हणाली, “अलमासला त्रास नको, ती झोपली असेल.” मी परत येऊन पडले. झोपलेलं माणूस उठून येत नाही.

आवाज फुटलेलाच राहिला. ऐकलं मी.

५ फेब्रुवारी, गुरुवार

खलनायकांना स्वतंत्र सिनेमे असावेत की नसावेत, याबद्दल माझं मत आजही तेच आहे. निदान सर्वसाधारणपणे. एका बाबतीत मला माहिती अपुरी होती.

अम्मीशी बोलायचं ठरवलं. सकाळी ती झग्याचं माप देत होती. दुपारी हेमकांत होता. संध्याकाळी ती एकटी भाकरी करत होती आणि मी पाण्याची बाटली भरून परत आले. दोनदा.

ग्रुपमध्ये लिहिलं असतं, पण तिथे मी नाही. म्हणून तिला एकटीलाच व्हॉट्सअ‍ॅप केला. स्वयंपाकघरात तिचा फोन वाजला. भाकऱ्या थापायचा आवाज थांबला नाही. मजकूर इथे उतरवून ठेवते:

अम्मी, एडिटिंग मदिहाकडेच राहू दे. साउंडचं काम कोणाला दिलं नसेल तर मी करीन. तू केलेलं काही काढणार नाही. हेमकांतला विचार आणि रविवारपर्यंत मला कळव.